इंजेक्शन स्वस्त होईल, पण रेझीन धुणाऱ्याचे काय?

मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधाच्या मुख्य पेटंटची भारतातली मुदत संपली. मधुमेहावर आणि वाढलेल्या वजनावर आठवड्यातून एकदा घ्यायचे हे इंजेक्शन आजवर आपल्या घरांच्या ऐपतीबाहेर होते. पेटंट संपले की अनेक कंपन्या तेच औषध बनवू लागतात आणि भाव उतरतो. तो उतरावा, आणखी उतरावा आणि ज्याला डॉक्टरने लिहून दिले त्याला ते सरकारी दवाखान्यात मिळावे, असेच आम्हाला वाटते. मधुमेह आता बंगल्यातला आजार राहिलेला नाही. बारामतीची आमराई घ्या, नाहीतर इंदापूर तालुक्यातली कुठलीही वस्ती घ्या, शुगरची गोळी चालू असलेले माणूस प्रत्येक गल्लीत आहे. खुद्द बाबासाहेबांनी आयुष्याची शेवटची वर्षे मधुमेहाशी झगडत काढली.

भावाची चर्चा सगळीकडे चालते. पण हे औषध बनते कसे, आणि बनवताना ते कोणाच्या हातातून जाते, कोणाच्या नाकात जाते, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते हा प्रश्न सर्वात आधी आपण विचारला पाहिजे. ज्या घरात आईला शुगर आहे, त्याच घरातला मुलगा ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून एमआयडीसीत जातो. औषध घेणारा आणि औषधाचे ड्रम धुणारा अशी दोन्ही माणसे आपल्या एकाच घरात असतात.

सेमाग्लुटाइड ज्या जातीचे औषध आहे तिला पेप्टाइड म्हणतात. अमिनो आम्लांचे दुवे एकापुढे एक जोडून केलेली ही साखळी असते. इन्सुलिनमध्ये असे ५१ दुवे असतात. पूर्वी ते गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत, आता जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतात. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी देतात ते ऑक्सिटोसिन नऊ दुव्यांचे. (म्हशीचा पान्हा सोडवायला काही लोक चोरून टोचतात तेही हेच. त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहावे लागेल.) सेमाग्लुटाइडची साखळी ३१ दुव्यांची आहे. लहान आणि मध्यम लांबीच्या अशा साखळ्या कारखान्यात रसायनांनी जोडतात, आणि त्यासाठी खुंटा लागतो. तो खुंटा म्हणजे रेझीन.

रेझीन म्हणजे प्लास्टिकचे बारीक मणी. साखर कारखान्यात पाण्याच्या प्लांटवर काम केलेल्यांना ते लगेच ओळखू येतील. माळेगाव असो, सोमेश्वर असो, भवानीनगर असो, बॉयलरला जाणारे पाणी क्षारमुक्त करावे लागते, आणि ते काम टाकीतले मधासारखे पिवळट मणी करतात. औषधाचे मणी त्यांचेच भाऊबंद, फक्त खूप बारीक. पिठीसाखरेहून जाड, रव्याहून बारीक. मूळ माल पॉलिस्टायरीन, म्हणजे आपला थर्मोकोल ज्याचा असतो तोच. स्टायरीन हे तेलासारखे द्रव पाण्यात जोराने घुसळतात, त्याचे थेंब होतात, आणि उष्णतेने ते थेंब घट्ट होऊन मणी बनतात. त्यात शंभरात एक भाग दुसरे एक रसायन घालून धागे एकमेकांत गुंतवतात. त्यामुळे मणी विरघळत नाही, पण फुगतो.

हे फुगणे फार महत्त्वाचे. साबुदाण्याची खिचडी करणारी कोणतीही बाई हे रसायनशास्त्र जाणते. साबुदाणा नीट भिजला नाही तर वरून मऊ आणि आतून कच्चा राहतो. रेझीनचेही तसेच. साखळी मण्याच्या वरवरच्या भागावर वाढत नाही, बहुतेक आतच वाढते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी मणी सॉल्व्हंटमध्ये अर्धा-एक तास भिजवून ठेवतात. कोरड्या मण्याच्या कित्येक पट तो फुगतो. मग त्याच्या आतल्या आकड्यांवर पहिला दुवा अडकवतात. एक ग्रॅम मण्यांवर नेमके किती दुवे अडकले हे मोजतात आणि रिकामे राहिलेले आकडे बंद करून टाकतात. यानंतर एकेक दुवा वाढवायचा आणि प्रत्येक वेळी मणी धुवायचे. साखळी पूर्ण झाली की आम्ल घालून ती मण्यापासून सोडवायची.

ही युक्ती न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रॉबर्ट मेरीफिल्ड यांनी शोधली आणि १९६३ मध्ये जाहीर केली. त्यापूर्वी प्रत्येक दुव्यानंतर माल गाळून, स्फटिक करून शुद्ध करावा लागे, आणि त्यात महिनेच्या महिने जात. मेरीफिल्ड यांनी साखळी मण्याला बांधून टाकली. मणी धुतला की घाण निघून जाते आणि साखळी जागेवर राहते. १९८४ मध्ये त्यांना याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता आमच्या मुद्द्यावर येऊ. मण्याच्या आत जे आकडे बसवायचे, ते कशाने बसवत? मेरीफिल्ड यांच्या काळापासून रुळलेल्या पद्धतीत क्लोरोमिथाइल मिथाइल इथर नावाचे द्रव वापरत. मेरीफिल्ड यांनी ही पद्धत पाण्याच्या रेझीनवाल्यांकडून उचलली होती. बॉयलरच्या पाण्यासाठी लागणाऱ्या रेझीनपैकी एका प्रकारात हेच रसायन वापरले जाई. या द्रवात दुसऱ्या एका इथरची भेसळ आपोआपच असते. त्याचे नाव बिस क्लोरोमिथाइल इथर. माणसाला नक्की कर्करोग करणारी म्हणून जी रसायने जगाने मान्य केली आहेत, त्यांच्या पहिल्या गटात ही दोन्ही आहेत. दुसऱ्या इथरसाठी कामाच्या जागी मानलेली मर्यादा हवेच्या शंभर कोटी भागांत एक भाग इतकी आहे. इतक्या थोड्या प्रमाणात त्याचा वास येत नाही, खोकलाही येत नाही, आणि रोग दिसायला दहा-पंधरा वर्षे जातात.

हे कळले कसे ते सांगतो, कारण या लेखातली सर्वात कामाची गोष्ट तीच आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात रोम अँड हास या कंपनीचा रेझीनचा कारखाना होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका रुग्णालयात फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक रुग्ण आला. वयाने तरुण, याच कामावरचा कामगार. डॉ. विल्यम फिग्युरोआ यांनी त्याला कामाविषयी विचारले. तेव्हा तो म्हणाला, माझ्याबरोबर काम करणारे आणखी कितीतरी जण याच रोगाने गेले आहेत. डॉक्टरांनी शोध घेतला आणि १४ कामगारांची नोंद केली. त्यातल्या काहींनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नव्हती. १९७३ मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारने या रसायनांवर कडक नियम घातले. त्या एका कारखान्यातल्या मृतांचा आकडा पुढे पन्नासच्या वर गेला.

नीट पाहा. त्या साखळीतला पहिला दुवा कामगाराची आठवण हा होता. यंत्राने किंवा सरकारी तपासणीने काही शोधले नाही. एका माणसाला आपल्या सोबत्यांची नावे लक्षात होती, आणि एका डॉक्टरने त्याला विचारले की बाबा, तू काम काय करतोस. दोघांपैकी एक जरी गप्प बसला असता, तर ती माणसे "बिडी-सिगारेटने गेली" एवढीच नोंद राहिली असती.

आज परिस्थिती बदलली आहे हे मान्य केले पाहिजे. आकडे आधीच बसवलेले स्टायरीन घेऊन त्याचेच मणी करण्याची पद्धत आहे, तिच्यात हा इथर लागतच नाही. जिथे लागतो तिथे तो बंद यंत्रात वापरायचा असतो. पेप्टाइड बनवणारा कारखाना तर सहसा तयार रेझीन विकत आणतो. आपल्या राज्यात नवी मुंबईतल्या तुर्भे इथे हेमो फार्मास्युटिकल्स ही जुनी कंपनी पेप्टाइडचा कच्चा माल बनवत आली. २०२१ मध्ये पिरामल फार्माने ती ७७५ कोटी रुपयांना घ्यायचे ठरवले. म्हणजे या धंद्यात पैसा आहे, तो वाढणार आहे आणि कामगारही वाढणार आहेत. त्यांच्यापुढचा आजचा धोका सॉल्व्हंटचा आहे.

मणी भिजवायला आणि धुवायला मुख्यतः डीएमएफ वापरतात, काही टप्प्यांवर डीसीएम, म्हणजे डायक्लोरोमिथेन. ३१ दुव्यांच्या साखळीसाठी शेकडो वेळा धुणे होते. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या हरित रसायन संस्थेच्या औषध कंपन्यांच्या गटाने २०२४ मध्ये हिशेब मांडला. या पद्धतीने एक किलो पेप्टाइड तयार व्हायला सरासरी सुमारे १३ हजार किलो माल खर्ची पडतो, आणि त्यातला बहुतेक भाग सॉल्व्हंटचा असतो. हे सॉल्व्हंट ड्रममधून काढणे, रिअॅक्टरमध्ये सोडणे, निचरा करणे, वापरलेले परत भरणे, ड्रम धुणे, रिअॅक्टर साफ करणे ही कामे केमिस्ट करत नाही. ती हेल्पर करतो.

डीएमएफला फारसा वास नाही, त्यामुळे माणूस बेफिकीर राहतो. ते श्वासातून जाते आणि कातडीतूनही सरळ आत जाते. त्याचा मारा यकृतावर. पोट दुखते, मळमळते, भूक जाते आणि रक्तात एसजीपीटी वाढलेले दिसते. दवाखान्यात मग "कावीळ आहे का?", "पितोस का?" एवढेच विचारले जाते. आणखी एक खूण आहे, ती प्रत्येक घरात माहीत असावी. डीएमएफ अंगात गेलेल्या माणसाने थोडी जरी दारू घेतली तरी तोंड-मान लालभडक होते, छाती धडधडते, उलट्या होतात. काम सोडल्यावर दोन-तीन दिवसांनी प्यायला तरी असे होऊ शकते. ठेकेदार म्हणतो, जास्त झाली. घरचे म्हणतात, पाचवे शील मोडले, भोगा. शील पाळावेच, त्यात आमची तडजोड नाही. पण ही लाली दारूची नसून कारखान्यातल्या हवेची चुगली आहे, हे आई-बायकोला कळले पाहिजे आणि डॉक्टरला सांगितले पाहिजे.

डीसीएमची वाफ हवेहून जड असते आणि टाकीच्या तळाशी बसते. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर माणसे ज्याने मरतात तोच वायू. अमेरिकेत बाथटबचा जुना रंग काढताना याच द्रवाच्या वाफेने कामगार मेले आहेत, आणि ती तर साधी न्हाणीघरे होती. रिअॅक्टरमध्ये उतरून सफाई करणाऱ्याचे काय होईल, याचा विचार करा. गटारात उतरवलेल्या आपल्या माणसांची यादी आपल्याला ठाऊक आहे. रिअॅक्टर हे चकचकीत स्टीलचे गटारच आहे, फक्त त्यात उतरणाऱ्याला सफाई कामगार म्हणत नाहीत.

संरक्षणाच्या नावाखाली जे देतात त्याविषयीही बोलू. पातळ रबरी किंवा निळे हातमोजे डीएमएफ थोड्याच वेळात पार करते. त्यासाठी ब्यूटाइल रबराचे जाड मोजे लागतात. डीसीएमपुढे तर नेहमीचे बहुतेक मोजे टिकत नाहीत. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कोविडच्या काळातला मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. डीसीएमसाठी साधे काडतुसाचे मुखवटेही पुरेसे धरत नाहीत, बाहेरून हवा पुरवावी लागते. कोरडे मणी फरशीवर सांडले की मोहरीवर पाय पडावा तसा माणूस घसरतो, ही त्यातली सर्वात साधी इजा. कामाचे कपडे घरी आणून पोराच्या शाळेच्या गणवेशाबरोबर भिजवू नयेत, वेगळे धुवावेत. धुणारीने हात वाचवावेत.

कोणी म्हणेल, बारामती-इंदापुरात पेप्टाइडचा कारखाना आहे कुठे? आमच्या माहितीत नाही, आणि तसा आमचा दावाही नाही. पण बारामती, भिगवण, लोणी देवकरच्या एमआयडीसीत ज्यांना काम मिळत नाही ती पोरे कुरकुंभची वाट धरतात. कुरकुंभ दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर. आपल्या दोन्ही तालुक्यांना जवळची रासायनिक वसाहत तीच. तिथे औषधांचा कच्चा माल बनतो, आणि डीएमएफ, डीसीएम ही त्या धंद्यातली रोजची सॉल्व्हंट आहेत. कोणत्या औषधाचे नाव डब्यावर पडणार याने हेल्परच्या यकृताला फरक पडत नाही. शिवाय आत काय शिजते हे त्याला सांगतो कोण? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्याच एका कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजे अमली पदार्थ, पकडला. आपण रोज काय ढवळतो हे हेल्परला माहीत नसते, याहून मोठा पुरावा कशाला हवा?

आता हक्कांकडे वळू. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आठ तासांचा दिवस आपण त्यांच्या नावाने सांगतो, ते योग्यच आहे. पण कामगारांच्या आरोग्य विम्याचा प्रा. अदारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये त्यांच्याच खात्याकडे आला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला, हे आपल्या जयंतीच्या भाषणांत फार कमी येते. आज महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय लागू होते. कंत्राटी कामगारालाही होते. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर ते भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर असते. पगारातून कपात होते पण कार्ड हातात नाही, अशी तक्रार असेल तर ती ईएसआयच्या कार्यालयात करायची असते, ठेकेदाराच्या पाया पडून सुटत नाही.

मेरीफिल्ड यांना नोबेल मिळाले त्याच वर्षी, १९८४ च्या डिसेंबरात, भोपाळ घडले. त्यानंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात नवी कलमे आली: धोकादायक रसायनांची माहिती कामगाराला दिलीच पाहिजे, त्याची आरोग्य तपासणी कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर दर वर्षी झाली पाहिजे, आणि नोंदी त्याला पाहता आल्या पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याची नवी संहिता आली. कामगार संघटनांचे तिच्यावर अनेक आक्षेप आहेत, आणि आमचेही आहेत. पण धोकादायक कामातल्या आरोग्य नोंदी, त्या पाहण्याचा हक्क आणि संकट दिसल्यास ते वर सांगण्याचा हक्क तिच्यातही आहे. नेमणूकपत्र देण्याचे बंधनही आहे. नेमणूकपत्र नसेल तर उद्या यकृत बिघडल्यावर "हा आमच्याकडे नव्हताच" असे म्हणायला कोणालाही एक मिनिट पुरते.

तरी कायद्यावर सगळा भार टाकून चालणार नाही. आपली पोरे एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जातात, सहा महिने इथे, चार महिने तिथे. पंधरा वर्षांनी रोग दिसला तर कोणत्या कंपनीच्या कपाटात त्याची नोंद सापडणार? म्हणून आमची सूचना अशी आहे की प्रत्येक बुद्धविहारात एक वही ठेवावी. जाड पुठ्ठ्याची, पानांवर आकडे घातलेली. वस्तीतला जो-जो कारखान्यात जातो त्याला एक पान. त्यावर कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत कुठे होता, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणते काम, कोणत्या रसायनाजवळ. आजारी पडला तर काय झाले, कोणत्या दवाखान्यात गेला. दर पौर्णिमेला वंदना झाली की अर्धा तास काढून भर घालावी. वही महिला मंडळाकडे असावी असे आम्हाला वाटते, कारण कोणाचा नवरा रात्री खोकतो हे त्यांनाच आधी कळते. वही बाहेर कोणाला दाखवायची नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. ज्याचे पान त्याच्या संमतीनेच ते डॉक्टरला दाखवायचे.

यावर आक्षेप येईल की पोराचे काम जाईल. ही भीती खरी आहे, आणि ती बाजूला सारून उपदेश करणे आम्हाला जमणार नाही. हप्ते असतात, बहिणीचे लग्न असते. म्हणून आम्ही काम सोडा म्हणत नाही, गेटवर जाऊन भांडा असेही म्हणत नाही. वही विहारात लिहायची आहे, कंपनीत नव्हे. आपल्या घरात आपल्या माणसाची नोंद ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. धम्मात एहिपस्सिको हा शब्द आहे, या आणि स्वतः पाहा. सम्यक आजीविकेत विषाचा व्यापार निषिद्ध आहे, पण विष विकणाऱ्याकडे मजुरी करणाऱ्याला निदान ते विष कोणते हे पाहण्याचा तरी अधिकार आहे की नाही?

कंपन्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगून ठेवतो. मणी पूर्ण भिजले नाहीत, एखादे धुणे वाचवले, तर साखळीतला दुवा सुटतो आणि औषध अशुद्ध होते. ते नंतर शुद्ध करायला जास्त खर्च येतो. म्हणजे जी घाई हेल्परला मुखवट्याशिवाय ड्रम उघडायला लावते तीच घाई मालही बिघडवते. शिस्तीचा कारखाना दोघांनाही परवडतो. आणि आपली पोरे फक्त ड्रमजवळच का दिसावीत? बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकता येते, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेप्टाइडवर संशोधन झाले आहे. बीएस्सी झालेल्या आपल्या मुलींनी त्या टेबलापर्यंत पोहोचावे, आणि पोहोचल्यावर ड्रमजवळ उभ्या असलेल्या माणसाला आत काय आहे ते मराठीत सांगावे.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या आणि इंदापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना आमची विनंती आहे की केसपेपरवर "मजुरी" एवढेच लिहून पुढे जाऊ नये. कशाची मजुरी, कोणत्या रसायनाजवळ, किती वर्षे, हे तीन प्रश्न विचारावेत. फिलाडेल्फियात एका डॉक्टरने एवढेच केले होते. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तर आपणच सांगावे. वही जवळ असेल तर तारखाही सांगता येतील.

वही सुरू करणाऱ्यांसाठी शेवटची अडचण सोडवून ठेवतो. गेटवर मोबाइल जमा करून घेतात, त्यामुळे ड्रमचा फोटो मिळत नाही. रसायनाचे नाव लांबलचक इंग्रजीत असते, ते ध्यानात राहत नाही. पण धोकादायक मालाच्या ड्रमवर चौकट उभी फिरवलेली रंगीत चिठ्ठी असते आणि तिच्याजवळ यूएन ही अक्षरे लिहून पुढे चार आकडे असतात. ते आकडे जगभर सारखेच असतात. तेवढे चार पाठ करून घरी यायचे आणि वहीत लिहायचे. डीएमएफचा आकडा २२६५. डीसीएमचा १५९३. साखळीवरचे टोपण काढायला लागणाऱ्या पायपरिडीनचा २४०१, ते कातडी जाळते. शेवटी साखळी सोडवणाऱ्या ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्लाचा २६९९, तेही जाळते. आणि १२३९ हा आकडा कुठे दिसला, तर तो मघाचा क्लोरोमिथाइल मिथाइल इथर आहे. तो वहीत लाल शाईने लिहावा, आणि त्या माणसाला त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्यावे.